अंतराळातली भाऊबंदकी

डोंबिवलीत विश्वाची खरी काळजी वाहणारी माणसं मोजकीच आहेत, आणि ती शनिवारी रात्री जेवणं उरकून आमच्या वरच्या मजल्यावर जमतात. यजमान पन्नाशीचा. विमा कंपनीत दावे तपासतो. अपघात सकाळी झाला म्हणता, मग गॅरेजची पावती आदल्या रात्रीची कशी, हे विचारण्याचा त्याला पगार मिळतो. शनिवारी हेच काम तो 'स्टार ट्रेक'साठी फुकट करतो.

या जातीच्या चाहत्याची पहिली खूण अशी, की मालिका आपल्याला आवडते असं तो चुकूनही म्हणत नाही. भाग संपला की तो चष्मा काढतो, कपाळ चोळतो आणि जाहीर करतो, "संपलं. वाट लावली यांनी. आता बघायचं नाही." पुढच्या शनिवारी हाच माणूस सगळ्यांना जरा लवकरच यायला बजावतो, कारण सुरुवातीचं 'मागील भागात' चुकता कामा नये. नुसतं आवडणं ही बाहेरच्या लोकांची गोष्ट. घरचा माणूस चुका काढतो.

दुखणं जुनं आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी जुनी 'स्टार ट्रेक' लागायची. अमेरिकेत ती ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू होऊन १९६९ साली ७९ भागांनंतर बंदही पडली होती. आपण ती ताजी समजून पाहिली. संवाद निम्मे कळायचे नाहीत. पण टोकदार कानांचा स्पॉक एक भुवई वर करायचा, तेवढं कळायचं, आणि सोमवारी वर्गात निम्मी पोरं एक भुवई वर करायच्या खटपटीत दोन्ही डोळे वटारून बसलेली असायची. पुढे 'स्पेस सिटी सिग्मा' आली, १९९८ मध्ये मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम' आला. व्योमचा विषय निघाला की यजमान हळवा होतो आणि एकही चूक काढत नाही. काढायला बसलं तर पहाट होईल, हे त्याला ठाऊक आहे.

बैठकीला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या एक बाई येतात. विज्ञानाच्या चुकांचं त्यांना काहीच वाटत नाही. माणसाचे अणू सुटे करून दुसऱ्या ग्रहावर पुन्हा जुळवणारं ते प्रसिद्ध यंत्र मुळात आलं, ते दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं निर्मात्यांना परवडत नव्हतं म्हणून, हे त्या कौतुकानं सांगतात. पुढे हायझेनबर्गच्या अनिश्चिततेची अडचण निघाली, तेव्हा लेखकांनी यंत्रात 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा एक भाग बसवून टाकला. तो चालतो कसा, असं 'टाइम' साप्ताहिकानं विचारल्यावर तांत्रिक बाजू सांभाळणारे मायकल ओकुडा म्हणाले होते, उत्तम चालतो, धन्यवाद. बाईंच्या मते तोंडी परीक्षेत एखाद्यानं असं उत्तर दिलं तर त्याला पास करावं.

दुसरा एक सॉफ्टवेअरमधला पोरगा. त्यानं सुरुवातच २०१७ च्या 'डिस्कव्हरी'पासून केली, आणि मागचं सगळं दीडपट वेगानं उरकलं. नवा भाग तो आधीच बघून येतो. "मी काही सांगत नाही," तो सोफ्यावर बसता बसता म्हणतो, "फक्त शेवटची दहा मिनिटं नीट बघा." झालं! आता कोण मरणार याच्याच हिशेबात पहिली चाळीस मिनिटं जातात. कल्याणहून येणारे एक गृहस्थ तर मुळात 'स्टार वॉर्स'वाले. ते बटाटेवड्यांसाठी येतात आणि वडे संपले की तटस्थ होतात.

आणि कोपऱ्यात दिवाणावर मेथी निवडत यजमानाची आई. काकूंची स्वतःची मालिका आधी संपते, मग टीव्ही चिरंजीवांच्या ताब्यात जातो. हस्तांतर दरवेळी कडवट होतं. "काय ते तुझं, आई! मेलेली माणसं परत काय येतात, अचानक बहीण काय उपटते, सगळ्यांच्या पोटात गुपितं!" असं म्हणत तो रिमोट उचलतो. रिमोटला प्लास्टिकचं कव्हर आहे, आणि थांबवायच्या बटणावर ते झिजून फाटलंय.

कारण तो दर दोन मिनिटांनी थांबवतो. उठून पडद्याजवळ जातो आणि चष्म्याच्या काडीनं क्लिंगॉनच्या कपाळावर टकटक करतो. क्लिंगॉन म्हणजे मालिकेतली लढवय्यी जमात, आणि त्यांचं कपाळ हा या पंथाचा पिढीजात वाद. साठच्या दशकात त्यांची कपाळं तुमच्याआमच्यासारखी सपाट होती. १९७९ चा चित्रपट आला, रंगभूषेला पैसा मिळाला आणि कपाळावर हाडाच्या वळकट्या उगवल्या. का, ते कुणी सांगेना. १९९६ च्या एका भागात आताचे लोक जुन्या काळात जातात, तिथले सपाट क्लिंगॉन पाहून वोर्फकडे बघतात, आणि स्वतः क्लिंगॉन असलेला वोर्फ एवढंच म्हणतो की बाहेरच्यांपाशी आम्ही याबद्दल बोलत नाही. त्यावर यजमान वर्षानुवर्षं धुमसत होता. २००५ मध्ये खुलासा आला: जनुकांशी खेळ करताना रोगाची साथ पसरली, त्यात कपाळं सपाट झाली. हा खुलासा त्यानं जेमतेम पचवला, तोवर 'डिस्कव्हरी'त क्लिंगॉन चक्क टकले निघाले आणि पुढच्याच सीझनला त्यांना केस फुटले.

"केस कुठून आले?" तो पडद्यासमोर उभा राहून ओरडला.

"तिरुपतीला जाऊन आले असतील," काकू म्हणाल्या.

अधिकृत उत्तर असं निघालं की युद्धाच्या काळात क्लिंगॉन मुंडण करतात. बाईंनी काकूंना पूर्ण गुण दिले.

माझं मत विचाराल तर या बैठकीत मालिका खरी कळते ती एकट्या काकूंना. बाकीच्यांना वाटतं, आपण अंतराळाविषयी बोलतोय. काकूंना पहिल्या दिवसापासून कळलंय की हे घर आहे, मोठं आहे, आणि आत बरंच झाकलेलं आहे. 'डिस्कव्हरी' आली तेव्हा स्पॉकला एक मानलेली बहीण असल्याचं उघड झालं. यजमान हादरला. पन्नास वर्षं! इतक्या मालिका, इतके चित्रपट, आणि कुणी एका शब्दानं बोललं नाही? आधीच १९८९ च्या चित्रपटात स्पॉकला एक सावत्र भाऊ काढून दिला होता, तो धक्का अजून ओसरला नव्हता.

"नाव काय मुलीचं?" काकूंनी विचारलं.

"मायकल."

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मुलीचं नाव मायकल? मग बरोबर आहे. घरात कुणी नाव काढत नाही म्हणजे काहीतरी भानगड असणार. कुणीतरी शपथ घातली असेल."

"आई, तू मध्ये बोलू नकोस. हा स्टारफ्लीटचा विषय आहे."

"अरे, पण हाच ना तो? त्याचे आईवडील यानात आले, तरी साहेबाला बोलला नव्हता!"

आता हे शंभर टक्के खरं. १९६७ च्या एका भागात राजदूत सारेक पत्नीसह यानावर येतात. कॅप्टन कर्क स्पॉकला सहज म्हणतो, ग्रहावर उतरून आईवडिलांना भेटून ये की, तेव्हा कुठे स्पॉक सांगतो की हेच माझे आईवडील. बापलेकांमध्ये अठरा वर्षं अबोला. कारण काय, तर मुलानं गावच्या विज्ञान अकादमीत न जाता स्टारफ्लीटची, म्हणजे अंतराळ दलाची, नोकरी धरली. ही गोष्ट सांगताना यजमानाचा स्वर दरवेळी जरा बदलतो. त्याच्या वडिलांना तो इंजिनिअर व्हायला हवा होता.

२०१९ मध्ये 'डिस्कव्हरी'चा दुसरा सीझन संपला. शेवटी स्पॉकच सुचवतो की 'डिस्कव्हरी' यानाचा आणि त्यावरच्या माणसांचा कुणी पुन्हा उच्चार करू नये, केल्यास राजद्रोह समजावा. म्हणजे शपथच. हॉलमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. काकू लसूण सोलत होत्या.

तेव्हापासून त्यांचा भाव वाढला. स्पॉक १९८२ च्या चित्रपटात मरतो आणि १९८४ च्या चित्रपटात परत येतो, हे पोरानं त्यांना सांगितलं त्या दिवशी काकूंनी मुलाकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. वर स्पॉकची भूमिका आतापर्यंत निमॉय, क्विंटो आणि पेक अशा वेगवेगळ्या नटांनी केल्याचं कळल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे निदान खाली पट्टी तरी देतात."

अमेरिकेतल्या पूर्वजांनी काय केलं, हा यजमानाचा अभिमानाचा विषय. दुसऱ्या सीझननंतर जुनी मालिका बंद पडणार अशी हवा होती, तेव्हा चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि एनबीसी वाहिनीला तिसरा सीझन काढायला लावला. एनबीसीनं तो शुक्रवारी रात्री दहाला टाकला, जेव्हा तरुण प्रेक्षक घरी नसतो, आणि सुरुवातीलाच जो भाग दाखवला त्यात स्पॉकचा मेंदू चोरीला जातो. डोकं जागेवर, मेंदू गायब. पुढे मेंदूवाचूनचा स्पॉक रिमोटनं चालवत नेतात. टपाल तिकिटांवर स्वतःचे पैसे खर्च करून हे मिळवल्यावर त्या बिचाऱ्यांना काय वाटलं असेल? यजमान म्हणतो, "सर्वांत वाईट भाग." तो त्याला तोंडपाठ आहे.

२०२३ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या मालिकेनं आख्खा एक संगीत भाग काढला. सगळे अधिकारी कामाच्या मधेच गाऊ लागतात आणि क्लिंगॉन तर पोरांच्या बँडसारखे कंबर हलवून नाचतात. यजमान खोलीतून निघून गेला. संगीत नाटकांवर वाढलेल्या काकू पुढे सरकून बसल्या. शत्रू समोर आलेला असताना माणसानं आधी पद पूर्ण करावं, यात त्यांना काडीचंही वावगं वाटलं नाही. पद संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात यजमान तेच गाणं गुणगुणत उतरत होता. मला पाहून खोकला.

आता गाडं खानवर अडलंय. खान नूनियन सिंग: १९६७ च्या भागात उत्तर भारतातला, बहुधा शीख, म्हणून आलेला महाखलनायक. भूमिका केली मेक्सिकोच्या रिकार्डो मॉन्टलबाननं, २०१३ च्या चित्रपटात इंग्लंडच्या बेनेडिक्ट कंबरबॅचनं. (आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटाला मात्र १९७९ मध्ये डोकं भादरून परग्रहावरची बाई केलं.) हा खान १९९२ ते १९९६ पाव पृथ्वीवर राज्य करणार होता. १९९६ आलं, गेलं. डोंबिवली लोकलची गर्दी सोडता कुणाचंच राज्य दिसलं नाही. मग २०२३ च्या एका भागात खान आजच्या टोरांटोमध्ये लहान मुलगा म्हणून सापडला. खुलासा असा, की काळात मागेपुढे जाणाऱ्यांच्या ढवळाढवळीमुळे घटना पुढे सरकल्या.

"तारीख अशी सरकवता येत नाही!" यजमान काडी आपटत म्हणाला. "रेकॉर्डला आहे!"

"का नाही येत?" काकू म्हणाल्या. "शाळेत घालताना गुरुजींनी ह्यांची एक जून लिहिली. जन्म ऐन दिवाळीतला. रिटायर एक जूनवर झाले, पेन्शन एक जूनवर मिळतंय. कुणाचं काही अडलं का?"

बाईंनी लगेच या तत्त्वाला 'गुरुजी सिद्धांत' असं नाव दिलं. कल्याणच्या गृहस्थांनी, आपलीही एक जूनच आहे, असं पहिल्यांदाच कबूल केलं. मग पोरानं विचारलं की एक जून म्हणजे मालिकेच्या कालगणनेत स्टारडेट किती, आणि यजमानानं कागद मागवला. मध्यरात्र उलटून गेली तरी त्यांचा आकडा जुळत नव्हता.