रक्त बोलतं

पाथर्डीच्या बसस्टँडसमोर चहा प्यायला बसलेल्या माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात. एक, कल्याण–विशाखापट्टणम महामार्गाची धूळ आणि दुसरी, अप्पांचं मत. त्यातली धूळ निदान पावसाळ्यात खाली बसते.

अप्पा पारखी आहेत. कशाचे, हे विचारायचं नसतं. बैल, म्हैस, गाढव, कोंबडा, कांद्याचं बी, जुना ट्रॅक्टर, जावई. समोर येईल त्याचं खानदान अप्पा एका नजरेत सांगतात. खानदान सांगून झालं की स्वभाव वेगळा सांगायची गरज उरत नाही. "रक्त बोलतं," एवढं म्हणून ते बशी तोंडाला लावतात. बशीतला चहा संपेपर्यंत कुणी उलट बोलायचं नाही, असा रिवाज आहे आणि अप्पांची बशी लवकर संपत नाही. तालुक्यात आजवर ज्या सोयरिकी मोडल्या त्या मोडणार हे अप्पांनी आधीच सांगितलं होतं. ज्या टिकल्या त्याही मोडणार म्हणूनच सांगितलं होतं, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही. एकदा एका पोराची मोटरसायकल किक मारून मारून सुरू होईना, तर अप्पा बाकड्यावरूनच म्हणाले, "हिच्या कंपनीनं आधी सायकली केल्यात. पाय मारायला लावणारच ती."

असा माणूस प्रत्येक गावात एखादा असतो. आमच्या अप्पांची गोष्ट सांगण्यासारखी झाली ती २०२४ च्या उन्हाळ्यात, झेंडू आल्यापासून.

झेंडू हा कुत्रा. पुण्यात सोसायटीत राहणाऱ्या अप्पांच्या पुतण्यानं त्याचं नाव 'झेन' ठेवलं होतं. वस्तीवर उतरल्याच्या संध्याकाळी काकूंनी त्याचा झेंडू केला. पट्टेरी अंग, रुंद छाती, पाटीएवढं डोकं. पुतण्याला तो पिल्लू असताना रस्त्याकडेला सापडला होता. आईबापाचा पत्ता नाही. 'हा पिटबुल मिक्स दिसतोय' असं कुणीतरी म्हणालं आणि तेव्हापासून तो पिटबुल मिक्स होता. त्या वर्षी १२ मार्चला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र धाडलं, की पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींचे कुत्रे आणि त्यांचे संकर यांची विक्री, पैदास थांबवा, पाळायला परवाने देऊ नका. एप्रिलमध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. पण रद्द झाल्याची बातमी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत नसते. लिफ्टमध्ये बायका पोरांना पाठीशी घ्यायला लागल्या आणि एका रविवारी गाडीच्या मागच्या सीटवरून झेन करंजी घाट उतरून आला. "अप्पा, तुम्हीच ठेवून घ्या. नाहीतर दुसरीकडं बघावं लागंल."

अप्पांनी ती २३ नावांची यादी आधी मोबाइलवर दोनदा वाचून घेतली. त्यांची पहिली तक्रार निराळीच होती. "यात आपला कारवान कसा न्हाई?" दख्खनच्या त्या उंच, सडपातळ शिकारी कुत्र्याला कुणी भीत नाही, हा अप्पांना सबंध मुलखाचा अपमान वाटला. "यादी करणाऱ्यानं कुत्रंच पाहिलेलं न्हाई."

मग ते झेंडूकडे वळले. बाकड्यावर गर्दी जमली होती. "हे रक्त लढाईचं. एकदा धरलं की जबड्याला कुलूप लागतं. मालकालाच खातंय एक दिवस." लखनौला जुलै २०२२ मध्ये घरच्याच पिटबुलनं ८२ वर्षांच्या आजींचा जीव घेतला होता, ती बातमी अप्पांना तोंडपाठ. तिथं मात्र त्यांची थट्टा करवत नाही. मोठ्या जबड्याच्या जनावराबद्दलचा अंदाज चुकला तर तो पामेरियनबद्दल चुकण्याइतका स्वस्त पडत नाही. एवढं अप्पांचं शंभर टक्के खरं.

तेवढ्यात गुरांचे डॉक्टर चहाला आले. तरुण माणूस, वाचणारा, म्हणून अप्पांच्या हिशेबी अर्धवट. ते म्हणाले, कुलूपबिलूप काही नसतं, जबड्याची ठेवण सगळ्या कुत्र्यांची एकच. पिटबुल धरलेलं सोडत नाही ती त्याची चिकाटी. इंग्लंडात बैलावर कुत्री सोडायचा खेळ १८३५ साली कायद्यानं बंद झाला, मग लोक चोरून कुत्र्यांच्या झुंजी लावायला लागले आणि त्यासाठी बुलडॉग आणि टेरियर यांचा संकर झाला. त्यामुळं यांच्यातल्या काहींना दुसरं कुत्रं खपत नाही, हे खरं. पण झुंज चालू असताना मालकाला आत उतरून हातानं कुत्री सोडवावी लागत. माणसाला चावणारं कुत्रं त्या धंद्यात कुणाला परवडणार? तेव्हा कुत्र्यावर जाणं वेगळं आणि माणसावर जाणं वेगळं.

अप्पांनी यातलं झुंजीचं तेवढं वाक्य उचललं आणि बाकीचं बशीत बुडवलं. "बघा, डॉक्टर बी म्हणतोय, झुंजीचं रक्त."

डॉक्टर हटले नाहीत. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना स्वभावाचे प्रश्न विचारले, दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये ते छापून आलं. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्याहून वेगळा का, याचं उत्तर जातीत शोधलं तर जेमतेम नऊ टक्के सापडतं.

"नऊ टक्के?" अप्पांनी बशी खाली ठेवली, आणि ही घटना दुर्मिळ आहे. "नऊ टक्क्यानं कर्ज काढून बघ म्हणावं. घर बसतंय!"

बाकडं हसलं. डॉक्टरही हसले, कारण उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं. मग त्यांनी आणखी एक आकडा काढला. फ्लोरिडात चार निवाऱ्यांतली १२० कुत्री नुसत्या नजरेनं ओळखायला तिथल्याच कर्मचाऱ्यांना सांगितलं. त्यांनी ५५ कुत्री पिटबुलच्या वळणाची ठरवली. रक्त तपासलं तर निघाली २५. रोज कुत्र्यांत वावरणाऱ्या माणसांची ही गत. म्हणजे झेंडू पिटबुल आहे, हेच मुळात कुणी पाहिलंय?

"त्यांनी पाहिलं, मी न्हाई," अप्पा म्हणाले.

आता अप्पांची दुसरी बाजू सांगायला हवी, कारण ती बाकड्यावर दिसत नाही. ती बघायला मढीला जावं लागतं. रंगपंचमीला कानिफनाथांच्या यात्रेत तिथं गाढवांचा मोठा बाजार भरतो. अप्पा दरसाल जातात, स्वतःला एकही गाढव नको असताना. काठेवाडी गाढव उंच, देखणं, दामानं चढं. गावरान बुटकं पण काटक. यावर अप्पांचं व्याख्यान ऐकून आसपासचे विकणारेसुद्धा माल सोडून उभे राहतात. पण बरोबरच्या माणसानं पैशाला हात घातला की अप्पा बोलायचे थांबतात. गाढवाचं तोंड उघडून दात बघतात. खूर उचलून बोटानं दाबतात. मागून अचानक जवळ जाऊन लाथ येते का ते बघतात. पाठीवर पोतं टाकून गर्दीतनं फिरवून आणतात. घोडेगावच्या बाजारात बैल घेताना तर विचारूच नका. खिल्लार आहे, आईबाप कुणाचे, हे सगळं ऐकून घेतात आणि मग गाडीला जुंपून, शेजारी ट्रकचा हॉर्न वाजवून, बैल बिचकतो का, मध्येच बसतो का, मारका आहे का, हे तपासतात. शेवटी चार माणसांसमोर एकच प्रश्न: "खोड काय हाये? आणि इकताय कशापायी?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय सौद्याला उपरण्याखाली बोटं जात नाहीत.

नुसतं बोलताना जात आणि पैसे मोजायची वेळ आली की जनावर, असा अप्पांचा सरळ व्यवहार आहे. त्यांना विचारलं तर ते हे कबूल करणार नाहीत. बहुतेक त्यांच्या लक्षातही आलेलं नाही. बाकड्यावर बसून बैल जुंपता येत नाही, एवढीच अडचण.

झेंडू दुसऱ्या दिवशीही वस्तीवरच होता, म्हणजे आता तो अप्पांच्या भाकरीवर होता. आणि अप्पांचं बोलणं थांबलं.

पुतण्याला समोर बसवून त्यांनी बैलाचाच प्रश्न विचारला, "सोसायटीचं सोड. खोड सांग." पुतण्या आढेवेढे घेत म्हणाला, चावला कुणालाच नाही, पण लिफ्टमध्ये शेजारच्या लॅब्रॅडॉरवर एकदा धावून गेला होता. "मंग आधी का न्हाई बोललास?" डॉक्टरांना बोलावणं गेलं. त्यांनी रेबीजची लस टोचली, तोंडाला जाळी बांधायला लावली, पोरांजवळ एकटा सोडायचा नाही अशी ताकीद दिली आणि नसबंदी सुचवली. पुतण्याचा जीव कळवळला. अप्पांचा नाही. "गोऱ्हा खच्ची केल्याबिगर औताला येतो का?"

मग परीक्षा सुरू झाली. लांब दोर बांधून झेंडूला शेळ्यांसमोरून नेलं. त्यानं वास घेतला आणि शिंकला. कोंबड्यांकडे मात्र फार प्रेमानं बघितलं, तेव्हा कोंबड्यांची जागा बदलली. लांब काठीच्या टोकाला चिंधी गुंडाळून अप्पांनी त्याच्या पुढ्यातली भाकरीची परात ओढून पाहिली. अमेरिकेतल्या निवाऱ्यांत याच कामाला काठीवर प्लास्टिकचा हात बसवतात, हे अप्पांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या परीक्षेवर डॉक्टरांचा फारसा भरवसा नाही. निवाऱ्यात नापास झालेली कित्येक कुत्री घरी निमूट जेवतात, म्हणतात. झेंडूनं काठीकडे पाहिलं, मग अप्पांकडे पाहिलं आणि परात जिकडे गेली तिकडे जाऊन उरलेली भाकरी खाल्ली. ऊसतोडीहून परतणाऱ्या टोळीचा ट्रॅक्टर शेजारून धडधडत गेला, वर कोपीचं सामान, पोरंबाळं, कोंबड्यांची खुराडी. झेंडू बिचकला नाही. पण ट्रॉलीत सामानावर बसलेल्या टोळीच्या कुत्र्याला बघून त्याच्या पाठीचे केस उभे राहिले आणि दोर अप्पांच्या हाताला काचला.

"हां," अप्पा तळहात चोळत म्हणाले. "ही खोड. माणसाला गाय, कुत्र्याला वाघ." शेजारच्या वस्तीवरचा मोती ज्या वेळी मोकळा, त्या वेळी झेंडू बांधलेला, असं दोन्ही घरांत ठरलं. दुसरी खोड काकूंना सापडली: कांद्याच्या चाळीखाली त्यानं दोन घुशी काढल्या आणि त्यासाठी म्हैस मावेल एवढा खड्डा.

याच्यापुढे कुठलाही समंजस माणूस म्हणाला असता, की बाबा, बघितल्याशिवाय कळत नाही. अप्पा बाकड्यावर येऊन म्हणाले, "मी आधीच म्हणलं होतं. निम्म्याच्या वर आपलं गावरान रक्त हाये त्याच्यात. शेळ्यांत कसा वावरतो, बघा येऊन." मोतीवर गुरगुरला की मात्र ते इंग्लंडचं रक्त. घूस पकडली की गावरान, खड्डा केला की इंग्लंड.

डॉक्टरांनी हात टेकले. पण त्यांच्याकडे आता लोक कुत्रं दाखवायला आले की ते आधी अप्पांकडे पाठवतात. म्हणे, अप्पा बोलतील त्याकडे लक्ष देऊ नका, काय करतात ते बघा.

दिवाळीला पुतण्या आला तो एक छोटी डबी घेऊन. कुत्र्याच्या गालाच्या आतून बोळा फिरवून पाठवला, की कुठल्या जातीचं किती टक्के रक्त ते कागदावर लिहून येतं. सगळं बाकडं उत्सुक. अप्पांनी डबी हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत दिली.

"लगीन लागल्यावर पत्रिका काढून बघतं का कुणी?"

"पण अप्पा, तुमचंच खरं ठरंल की!"

"आणि तिसरंच काय निघालं तर?" अप्पा आवाज खाली आणून म्हणाले. "चार गावात सांगून बसलोय मी."