आरोग्याच्या जपणुकीसाठी

आमच्या गल्लीतल्या अप्पांनी परवा त्यांचं परमिट लॅमिनेट करून आणलं. दारूचं परमिट. आजीव, हजार रुपयांचं. कडा गोल करून घेतल्या, खिसा फाटत नाही म्हणाले. आता पाकिटात आधार आहे, मतदार कार्ड आहे, एस.टी.चा पास आहे आणि हे आहे. पहिल्या तिघांवर अप्पा कोण आहेत एवढंच कळतं. ते का पितात, हे फक्त चौथ्यावर कळतं.

का पितात? आरोग्याच्या जपणुकीसाठी. मी पदरचं सांगत नाही. ज्याला दारू विकत घ्यायची, जवळ बाळगायची आणि प्यायची आहे, त्याला आपल्या राज्यात परवाना मिळतो तो याच कारणासाठी. कागदावरची भाषा जरा आणखी सरकारी आहे, अर्थ हाच. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी अप्पांची सोनोग्राफी बघितली आणि म्हणाले, लिव्हरला सूज आहे, आता बास. अप्पांनी परमिट काढून टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, तुम्ही एक बोलताय, सरकार एक बोलतंय. मोठं कोण ते आधी ठरवा की ओ."

त्याच संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावर 'संपूर्ण दारूबंदी झालीच पाहिजे' असा फलक लागला. दोरीचं एक टोक लाइटच्या खांबाला आणि दुसरं शेजारच्या 'परमिट रूम व बिअर बार'च्या पाटीला. दुसरा खिळाच नव्हता, लावणाऱ्याचा काय दोष? वारा आला की फलक आणि पाटी मिळून डुलतात.

फलकवाल्यांना दुखवायचा हेतू नाही, पण मागणी जरा उशिरा आली. झालीच पाहिजे काय? झालेली आहे. कायदा 1949 चा. नाव मुंबई दारूबंदी अधिनियम. पुढे नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आलं, दारूबंदी जागेवर राहिली. 'दारूविक्री अधिनियम' नव्हे की 'दारूकर अधिनियम' नव्हे. दारूबंदी. म्हणजे या राज्यात न पिणं हा नियम आणि पिणं हा अपवाद, आणि त्या अपवादाचा कागद अप्पांच्या पाकिटात आहे. आजच्या काळात दारूबंदी चालेल का, असा विषय घेऊन परिसंवाद भरतात, अध्यक्ष घसा साफ करतात, आभार मानायला माणूस ठरलेला असतो. त्यांना माझं नम्र उत्तर असं की पंच्याहत्तर वर्षं झकास चाललीय. बंदीही चालू आहे, दारूही चालू आहे, दोघींचं एकमेकींशी कधी भांडण झाल्याचं ऐकलं नाही.

त्या पाटीकडेच बघा. परमिट रूम म्हणजे परमिट असलेल्यांनी बसायची खोली. शब्द सरळ आहे. या शहरात माझी साठी उलटली, पण आत शिरणाऱ्याला कुणी "परमिट दाखवा" म्हटलेलं मी पाहिलं नाही. एस.टी.त कंडक्टर पास उलटासुलटा करून बघतो. रेशन दुकानात अंगठा उठत नाही म्हणून म्हातारीला तीनदा परत पाठवतात. बोटांच्या रेषा विड्या वळून वळून झिजल्यात हे मशीनला कोण सांगणार? उत्पन्नाच्या दाखल्याला रहिवासी दाखला लागतो, रहिवासी दाखल्याला लाइटबिल लागतं आणि लाइटबिल मालकाच्या नावावर असतं. अख्ख्या राज्यात कागद न मागता "या साहेब, बसा" म्हणून आत घेणारी एकच जागा उरली, आणि नेमका तिच्याच पाटीवर 'परमिट' हा शब्द.

एकदा आरोग्य म्हटलं की माणसाला सगळीकडे आरोग्यच दिसायला लागतं. मला गेले आठ दिवस तेच होतंय. गल्ल्यावर बसलेला मालक हा मोठा डॉक्टर वाटतो, कारण तो नाडी न बघता पेशंट ओळखतो. वेटर हा कंपाउंडर, "तीस का साठ?" विचारून डोस ठरवतो. शेंगाचटणी, उकडलेलं अंडं आणि लिंबू पिळलेला कांदा हे पथ्य. सोडा हे अनुपान. फरक असलाच तर एवढा की इतर दवाखान्यांत पेशंट धरून आणावा लागतो आणि चालत घरी जातो, इथं चालत येतो आणि धरून न्यावा लागतो. वयाचंही शास्त्र आहे. पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय कडक दारू नाही, एकविसाव्या वर्षापासून सौम्य बिअर चालते. म्हणजे एकवीस ते पंचवीस माणसाचं आरोग्य बिअरवर निभतं, पुढं निभत नाही, असं कुणीतरी कुठंतरी तपासून पाहिलं असणार. ड्राय डे म्हणजे ओपीडी बंद. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे आषाढीला इथल्या आरोग्याचे फार हाल. दशमीच्या रात्री दुकानापुढची रांग बघून एखाद्याला पदस्पर्शाची रांग आठवावी. तीच चिकाटी, तीच पुढच्याच्या पाठीला लागलेली छाती, तोच "किती राहिले ओ अजून?" हा प्रश्न. इथं व्हीआयपी पास मात्र नाही, समतेचं काम आहे. आणि कुणी विनापरवाना पिताना सापडलाच तर त्याच्यावर गुन्हा काय नोंदवायचा? बेकायदा निरोगी?

एका दिवसाचंही परमिट मिळतं. विदेशीसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. गरिबाचं आरोग्य तीन रुपयांनी स्वस्त ठेवलंय, याला म्हणतात कल्याणकारी राज्य. दोन रुपयांत हल्ली काय येतं सांगा. चहाची कटिंगसुद्धा येत नाही, पण दिवसभराचं आरोग्य येतं.

त्याच्याही खालचा माणूस मात्र कागदाबाहेर. हातभट्टीला परमिट नाही. गूळ, नवसागर, पत्र्याचे डबे, ओढ्याकाठची चूल. दर पंधरवड्याला पेपरात बातमी असते, अमुक हजार लिटर गूळमिश्रित रसायन जागीच नष्ट. फोटोत डबा आडवा केलेला असतो आणि चारजण कॅमेऱ्याकडे बघत असतात. पुढच्या पंधरवड्याला तोच ओढा, कधी कधी तोच डबा. 2004 साली विक्रोळीला माणसं मेली. 2015 साली मालवणीला शंभरावर मेली, दारू म्हणून मिथेनॉल प्यायले होते. मजुरी करून आलेली माणसं. त्यांच्या आरोग्याची जपणूक कुठल्या फॉर्मवर लिहिली होती?

बरं, दारू काही आभाळातून पडत नाही. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने तीसच्या वर. ऊस आला की मळी आली, मळी आली की स्पिरिट आलं. शेतकऱ्याचं उसाचं बिल थकलेलं आम्ही दर वर्षी ऐकतो. मळीचं बिल थकल्याचं कुणी ऐकलंय का? बंदीचा कायदा एका हातात, वसुलीचं पुस्तक दुसऱ्या हातात, आणि डोकं एकच. उजव्या हाताने टाळा लावायचा की डाव्या हाताने गल्ला मोजायचा, याची त्या डोक्याला कधी अडचण झाली नाही, कारण टाळा कधी लावलाच नाही. म्हणून 'दारूबंदी फसली' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. फसायला आधी करावी लागते ओ.

या गावाने ती करून बघितली होती. 1930 च्या मे महिन्यात सोलापूरची माणसं रूपाभवानीच्या बाजूला, ज्यांच्या रसाची दारू होते ती शिंदीची झाडं तोडायला निघाली. गिरणीतले कामगार होते, पेठेतली पोरं होती. गोळीबार झाला, गाव पेटलं, मार्शल लॉ आला, आणि पुढच्या वर्षी 12 जानेवारीला चौघांना येरवड्यात फाशी दिली. त्यांचे पुतळे चौकात आहेत, दर वर्षी हार पडतात, भाषणं होतात. भाषणांत मार्शल लॉ येतो, फाशी येते, शिंदीची झाडं सहसा येत नाहीत. कार्यक्रमानंतर मंडळींना बसायचं असतं, उगाच विषय कशाला?

आणि आता तुम्ही म्हणाल, लोकशाही आहे, लोकांना नको असेल तर त्यांनी दुकान बंद करावं. सोय आहे की! आडवी बाटली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के बायकांनी सह्यांचा अर्ज द्यायचा. सह्या तपासल्या जातात, एकेका बाईला विचारलं जातं, "ही तुझीच का?" मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं हवीत. कशाच्या निम्म्याहून? मत द्यायला आलेल्या बायकांच्या नव्हे. यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांच्या. 2008 चा नियम आहे, थट्टा नाही. म्हणजे जी बाई ऊसतोडीला गेली, तिचं मत उभ्या बाटलीला. जी लग्न होऊन चार वर्षं कर्नाटकात नांदतेय पण नाव इथंच राहिलंय, ती उभ्या बाटलीला. जी बाळंतपणाला माहेरी गेली ती उभ्या बाटलीला. नवऱ्याने सकाळीच कानाखाली वाजवून घरात बसवली, ती उभ्या बाटलीला. जी मेली, आणि कदाचित त्या बाटलीनेच मेली, तीही, यादीतून नाव कमी होईपर्यंत, उभ्या बाटलीला! आमदार-नगरसेवकाला असला नियम लावून दाखवा. तिकडं पडलेल्या मतांत ज्याला सगळ्यात जास्त तो निवडून येतो, तीस टक्क्यांत गुलाल उधळला जातो, जेसीबीतून हार पडतात. यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं मिळवल्याशिवाय खुर्ची नाही म्हटलं तर निम्मी सभागृहं ओस पडतील. पण समोर उमेदवार बाटली असली की तिला ही सवलत. उभं राहायला काही करावं लागत नाही, उभीच असते. पाडणारीने मात्र मेलेल्या बायकासुद्धा रांगेत आणून उभ्या करायच्या.

तरी काही गावांतल्या बायकांनी बाटली आडवी केली. कसं केलं त्यांचं त्यांना ठाऊक. जिल्ह्याजिल्ह्यांचंही तसंच. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. चंद्रपुरात 2015 ला बाटली आडवी झाली आणि 2021 ला तिला हात देऊन उठवलं. कारण काय, तर चोरून दारू येते. वीजचोरी थांबत नाही म्हणून मीटरच काढून टाकायचे, त्यातली गत.

आणि बाटली पाडायला निघालेली बाई मतदानाला जाणार कधी, हेही कुणी विचारत नाही. माझं जुनं दुखणं आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं. सोलापुरात दारूचं दुकान ड्राय डे सोडून रोज उघडं असतं. नळाला पाणी मात्र कित्येक वर्षं चार-पाच दिवसांनी येतं. उजनी धरण जिल्ह्यात आहे, भरलं की फोटो येतात, ओटी भरली जाते, आणि आम्ही बादल्या मोजतो. पाणी कधी येणार हे नक्की नसतं. कधी पहाटे, कधी रात्री दोनला. त्या रात्री गल्लीतल्या सगळ्या बायका जाग्या असतात, मोटारी लावतात, पाइप एका घरातून दुसऱ्या घरात देतात. अप्पांच्या घरच्या काकूंना आता पाणी यायच्या आधी नळातली हवा ऐकू येते. हवा सुटली की झोपेतून उठतात. पस्तीस वर्षांचा अभ्यास आहे. खरा ड्राय डे आमचा आठवड्यातून पाच दिवस असतो, त्याला परिपत्रक लागत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आजीव परमिट द्या म्हणावं, हजार काय दोन हजार देतो, आणि कारणाच्या रकान्यात तेच लिहा, आरोग्याच्या जपणुकीसाठी. तिथं तरी ते खरं ठरेल.

अप्पा गिरणीत होते. अप्पांच्या आधी गिरणीच निवृत्त झाली. तेव्हापासून हे बसणं सुरू झालं, असं काकू सांगतात. अप्पा म्हणतात तेव्हापासून नव्हे, त्याच्या आधीपासून. या एका मुद्द्यावर दोघांचं पंचवीस वर्षं एकमत झालेलं नाही. परवा काकूंनी ते लॅमिनेट केलेलं कार्ड हातात घेतलं, चष्मा लावून सावकाश वाचलं आणि परत पाकिटात ठेवलं. काही बोलल्या नाहीत. मग मला विचारलं, "हे असलं, दुकान बंद करायचं, बायकांसाठी काय कार्ड असतंय का ओ?"

मी आडव्या बाटलीचं सांगितलं. निम्म्याहून जास्तचंही सांगितलं. त्यांनी बोटांवर गल्लीतल्या बायका मोजल्या. दोघी मुलांकडे पुण्याला गेल्यात, एक मागच्या श्रावणात वारली, तिचं नाव अजून यादीत आहे. मोजणं मध्येच सोडून त्या आत गेल्या.

अप्पांच्या दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट बुधवारी मिळणार आहे. नळाला पाणीही बुधवारीच आहे, काकूंना घर सोडता येणार नाही. रिपोर्ट आणायला मी जाणार आहे.