पोचपावती

पूर्वी मामलेदार कचेरीच्या पायरीशी अर्जनवीस बसत, आणि त्यांनी लिहिलेला अर्ज रावसाहेबांच्या मेजापर्यंत पोचो वा न पोचो, अर्जदार मात्र कृतार्थ मुद्रेने घरी जाई. तो वंश निर्वंश झाला अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी आमच्या मंगल कार्यालयाची वेबसाइट बनवणाऱ्या गृहस्थांचे एकदा दर्शन घ्यावे.

वेबसाइटच्या रंगरूपाविषयी ते संन्याशाइतके उदासीन. त्यांचा सारा जीव ‘संपर्क साधा’ या पानावरच्या फॉर्मात. रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या घरगुती पानासाठी रचलेली अवजारे १९९५ साली जगाला खुली केली व त्यांतून, ज्या भाषेत हा फॉर्म लिहिला ती पीएचपी वाढली, हा इतिहास ते कुलवृत्तांताच्या अभिमानाने सांगतात. निरोपात कोणी कोनी कंस घातले, की ते निरुपद्रवी करून घ्यायचे. ईमेलच्या रकान्यात गुपचूप नवी ओळ घुसडून आमच्या खर्चाने भलत्यांनाच टपाल धाडू पाहणाऱ्याला हद्दपार करायचे. आणि माणसाला न दिसणारा एक रकाना मुद्दाम रिता ठेवून, तो जो भरील त्याला यंत्र समजून मुकाट्याने दारातूनच परत लावायचे, असा त्यांचा चोख बंदोबस्त. पान पुन्हा ताजे केल्याने अर्ज दुबार दाखल होऊ नये, म्हणून अर्जदाराला तत्काळ दुसऱ्या पानावर नेऊन बसवण्याचे सौजन्यही त्यांच्या ठायी आहे. त्या पानावर झळकते, ‘धन्यवाद! आपला निरोप मिळाला. लवकरच संपर्क साधू.’ यातले ‘आपला’ की ‘तुमचा’, यावर त्यांनी आठवडा घालवला होता.

लग्नसराई अर्धी सरली तरी एकही विचारणा येईना, तेव्हा मी तक्रार गुदरली. “साहेब, मेल फंक्शननं ‘ट्रू’ म्हटलंय,” ते शांतपणे म्हणाले. त्या ‘ट्रू’चा अर्थ पत्र पेटीत पडले एवढाच, ते पोचले, असा नव्हे. शेवटी स्पॅमचे फोल्डर उघडले, तो सतरा वधूपिते तेथे ताटकळत बसलेले! पत्र आमच्या सर्व्हरवरून निघे, पण प्रेषक म्हणून पत्ता वधूपित्याचा असे. तेव्हा टपाल तपासणाऱ्या यंत्रणेने त्याला तोतया ठरवले, यात तिचा काय अपराध? प्रेषकाच्या जागी आमचा पत्ता आणि ‘उत्तर येथे द्यावे’ या जागी पाहुण्याचा, एवढी दोन ओळींची दुरुस्ती होती. ती झाली, पण सतरा कार्ये अन्यत्र उरकली होती.

महिनाअखेर त्यांचे बिल आले. मी ते दोन्ही हातांनी स्वीकारले आणि नम्रपणे म्हणालो, “धन्यवाद! आपलं बिल मिळालं. लवकरच संपर्क साधू.”

क्षणभर ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पण पैसे?”

“ट्रू,” मी म्हणालो.