हॅलो, ऐकू येतंय का?

पोलिसाला अग्निशमनवाल्याशी वायरलेसवर बोलता यावं, एवढीच मागणी होती. अमेरिकेत त्यासाठी १९८९ साली ‘प्रोजेक्ट २५’ हे डिजिटल मानक आखायला घेतलं. पंचविशी कधीच उलटली, मानकात भर घालणं काही संपत नाही.

मार्च २००१. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाला कोरे डिजिटल वॉकी-टॉकी मिळाले. क्वीन्समधल्या एका घरात अडकलेल्या जवानाची हाक जवळच्या साथीदारांना ऐकूच गेली नाही. थोड्याच दिवसांत नवे संच परत, जुने पुन्हा कमरेला.

सहा महिन्यांनी ११ सप्टेंबर.

पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसत होतं, की उरलेला टॉवरही टिकत नाही. पोलिसांनी ते तत्परतेनं सांगितलं. पोलिसांना! अग्निशमनचा चॅनेल वेगळा. खाली लॉबीत उभ्या अधिकाऱ्यांपेक्षा घरी टीव्हीसमोर बसलेल्यांना जास्त कळत होतं. त्या दिवशी दलाचे ३४३ जण गेले.

तरी डिजिटल आवाज म्हणे स्वच्छ. असेलही, शांत खोलीत. डिजिटल संच माणसाचं बोलणं गणितात बसवून पाठवतं. आगीत जवानाच्या तोंडाला मास्क, शेजारी करवत, अंगावर भोंगा. बिचारं गणित करवतीचंच बोलणं मनावर घेतं! म्हणून कित्येक दलं आगीच्या जागी आजही जुनं अ‍ॅनालॉगच वापरतात. आधुनिकीकरण म्हणतात ते हेच का?

बरं, निदान गुप्तता?

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणांच्या ‘प्रोजेक्ट २५’ वायरलेसला दोन वर्षं कान लावला. पाळतीवरच्या गप्पासुद्धा उघड्यावर! एजंट मात्र समजत होते, आपलं कुलूप लागलंय.

का? संचावरची कळ बघा. एका बाजूला नुसता गोल, दुसऱ्या बाजूला तिरकी रेघ मारलेला गोल. ‘नो पार्किंग’चा बोर्ड बघितलेला कुणीही म्हणेल, रेघ म्हणजे मनाई. इथे रेघ म्हणजे कुलूप लागलं. हा शोध कुठल्या समितीचा?

२०११ साली याच मंडळींनी आणखी एक गंमत दाखवली. लहान मुलींसाठी निघालेलं निरोप पाठवायचं एक गुलाबी खेळणं घेतलं, त्यातला प्रोग्रॅम बदलला. त्याच्यानं असला वायरलेस तुंबवता येतो.

आणि सगळंच अडवायची गरज नाही, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. फक्त कुलूपबंद बोलणं अडवायचं. दोनदा खरखर ऐकली की एजंट वैतागून आपल्याच बोटानं कळ फिरवतो, बिनरेघेच्या गोलावर.