डॅशच्या पुढचं

"आज रात्री कर्नल बदलायचाय," हे वाक्य मी जेवताना अशा आवाजात म्हणतो की मुलगा टीव्हीचा आवाज कमी करतो. त्याला "दोन ते पाच फोन करू नका" अशी पुरवणी जोडतो. एकदा खंडेनवमीला बायको आमच्या बँकेच्या सर्व्हररूममध्ये पूजेला आली होती. रॅकच्या दाराला झेंडूची माळ अडकवता अडकवता तिने विचारलं, "पण तुम्ही रात्री इथे नेमकं करता काय?" मी खरं ते सांगितलं. आज्ञा लिहायची, यंत्र विचारतं 'करू का?', आपण वाय दाबायचा. (आज्ञेचं नाव 'यम' आहे, हे मात्र सांगितलं नाही.) तेव्हापासून प्रश्न ठरलेला: "अहो, वाय दाबायलाच चाललाय ना, मग शर्टाला इस्त्री कशाला?"

आमच्या सर्व्हरवर रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची सातवी आवृत्ती, म्हणजे रेड हॅट सात, होती त्या दिवसांत एकदा नवं नेटवर्क कार्ड आलं, पंचवीस गिगाबिटचं. बसवलं, दिवाही लागला, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ढिम्म. यंत्राच्या यादीत कार्डाच्या जागी नुसते दोन आकडे, एक कंपनीचा आणि एक मॉडेलचा. प्रत्येक कार्ड हे दोन आकडे पोटात घेऊनच जन्माला येतं. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतलाय, म्हणजे १९७८ सालच्या आपल्याच प्रोसेसरचा आकडा. मी एकटाच गर्विष्ठ नाही तर! ड्रायव्हरमध्ये अशा आकड्यांचा तक्ता असतो. तक्त्यात नाव नाही, तर दारात उभं राहा. 'नव्या हार्डवेअरला सपोर्ट' म्हणजे कधी त्या तक्त्यात वाढवलेली एक ओळ असते, तर कधी हजारो ओळींचा नवा ड्रायव्हर.

आता आकड्यांचा विषय निघालाच आहे, तर मला थांबवू नका; घरचे थांबवतातच. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ साली कर्नलच्या आवृत्तीचा आकडा २.६.३९ नंतर एकदम ३.० केला. मोठा बदल काही नव्हता, लिनक्सला वीस वर्षं होत होती आणि आकडे फार लांबले होते. २०१५ मध्ये ४.० आलं. २०१९ मध्ये ५.०, कारण काय, तर मोजायला हातापायाची बोटं संपली! तिकडे असं, आणि इकडे रेड हॅट सात जून २०१४ मध्ये ३.१० घेऊन बसलं ते बसलंच. ७.० चा कर्नल ३.१०.०-१२३, सहा वर्षांनी आलेल्या ७.९ चा ३.१०.०-११६०. डॅशच्या आधीचा आकडा हलायचा नाही, कारण त्याच्यावर विसंबून लोकांनी आपापली सॉफ्टवेअरं उभी केलेली असतात. सदाशिव पेठेतल्या वाड्यात लिफ्ट आली, वायरिंग बदललं, तुळया बदलल्या, तरी दारावर पाटी आजोबांचीच, तसं. जे काही घडतं ते डॅशच्या पुढे.

आणि आमचे ऑडिटर डॅशपाशी थांबतात. त्यांचं स्कॅनर ३.१० वाचतं आणि लाल अक्षरांत छापतं: कालबाह्य, धोकादायक. "२०१३ चा कर्नल वापरता?" असं विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर शिळी भाजी वाढल्याचा भाव असतो. मी समजावतो, ते मान हलवतात, पुढच्या वर्षी तोच लाल कागद.

इथे मात्र मला खरंच राग येतो, आणि तो माझ्यासाठी नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर बाहेर आले, दोष थेट प्रोसेसरच्या घडणीतला. त्यावरचा उपाय नव्या कर्नलसाठी लिहिला गेला, पण तोच ३.१० मध्ये आणि रेड हॅट सहाच्या २.६.३२ मध्येही कुणीतरी बसवला. नवा कोड ज्या फंक्शनला हाक मारतो ते जुन्या कर्नलमध्ये नसतंच. मग वाट काढायची, आणि वर उभं असलेलं काही मोडता कामा नये. माझ्या कार्डाचा ड्रायव्हरही असाच कुणीतरी नव्यातून जुन्या कर्नलमध्ये आणलेला. रेड हॅटचं एक ऑफिस पुण्यातही आहे. त्यातलं कुणी सिग्नलला माझ्या शेजारी स्कूटरवर उभं असेल, तर मला ते ओळखूही येणार नाही. त्यांनी हे सगळं करायचं, मी वाय दाबायचा, आणि सकाळी मॅनेजरसाहेबांनी "वा, कार्ड चालू केलंत!" म्हणून पाठ थोपटायची, ती माझी. मी थोपटून घेतो. इस्त्रीचा शर्ट त्यासाठीच असतो.

नव्या कर्नलवर यंत्र पुन्हा उठेपर्यंतची मिनिटं तेवढी खरी माझी. मोठे सर्व्हर आधी मेमरी तपासत बसतात, पंखे किंचाळतात, दुसऱ्या खिडकीत पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या हाकेला, उत्तर नाही. जुना कर्नल डिस्कवर ठेवलेला असतो, बिनसलंच तर यादीतून तो निवडायचा, हे पाठ असूनही मी रॅकवरच्या गणपतीकडे बघतो. मग पिंगची पहिली ओळ येते.

३० जून २०२४ ला सातची नेहमीची देखभाल संपली. आता आम्ही आठवर आहोत: ४.१८.०-८० पासून सुरू झालेलं, ८.१० मध्ये ५५३ वर पोचलेलं. यंदाचं ऑडिट तोंडावर आलंय. या साहेब, बसा, चहा घ्या, स्कॅनर खुशाल चालवा. फक्त यंदा डॅशच्या पुढचंही वाचा.