रविवारी अंडं मिळत नाही

स्टुटगार्ट, रविवार दुपार

ती. आई-बाबांस,

कुकर लावलाय, तोवर लिहून घेते. आई, सकाळी फोनवर तू "लेकराले शिळा ब्रेड काहून चारून राहिली वं?" म्हणून रडवेली झालीस. चिनूनेच सांगितलं ना? ती पोरगी नेहमी अर्धंच सांगते. अगं, फ्रेंच टोस्टला शिळाच ब्रेड लागतो. ताजा दुधात बुडवला की लगदा होतो. बाबांना लगेच समजेल: 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला की सरकारी खरेदीवाली सीसीआय कापूस परत पाठवते, तसंच हे.

खरी अडचण अंड्यांची. ती शनिवारी रात्री संपली, म्हणजे सोमवारपर्यंत संपलीच. इथे रविवारी दुकानं बंद. आपल्या मारेगावात दुकान बंद दिसलं तर मागच्या दाराशी जाऊन "काका" अशी हाक मारता येते. इथे काकाही नाहीत आणि मागचं दारही नाही. बरं, हा कुणा दुकानदाराचा आळस नाही, चक्क राज्यघटना आहे! जर्मनीच्या 1919 च्या वायमार घटनेच्या 139 व्या कलमात रविवार विश्रांतीचा ठरला, आणि 1949 च्या घटनेने ते कलम जसंच्या तसं ठेवलं. बाबा, तुम्ही 26 जानेवारीला घटनेवर भाषण देता. इथे घटनेने माझी न्याहारी अडवली. रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा रविवारी पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. मिक्सर लावायचा तर मी आधी खालच्या आजींचा कानोसा घेते.

अंडी शेजारी मागावीत म्हणशील. जिन्यात आम्ही हवामानावर बोलतो. ओळख अजून अंड्यापर्यंत पोचलेली नाही. पेट्रोलपंपावरचं दुकान उघडं असतं, पण तिथला भाव ऐकून कोंबडीचीही मान ताठ होईल.

मग अंड्याऐवजी व्हॅनिला पुडिंगची पूड घेतली. म्हणजे आपली कस्टर्ड पावडरच, मक्याचं पीठ. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती 1837 साली काढली, कारण बायकोला अंडं सोसत नव्हतं. हे मी ह्यांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी मोबाइल तोंडासमोर आणखी वर धरला. पण मक्याचं पीठ दूध नुसतं दाट करतं, ब्रेडला धरून ठेवत नाही. ते काम तुझ्या पार्सलातल्या बेसनाने केलं. कपभर दुधाला दोन चमचे पूड, एक चमचा बेसन, साखरेऐवजी गूळ (दूध गारच हवं, नाहीतर फाटतं), दालचिनीऐवजी जायफळ, लोण्याऐवजी तेल. बेसन कच्चं राहू नये म्हणून मंद आच. चिनूने एक घास खाऊन जाहीर केलं, "हे आजीचं धिरडं आहे, गोड." तिचं काही चुकलं नाही. बेसन तव्यावर पडलं, वास सुटला आणि मी उगाच खिडकी लावून घेतली. बाहेर जाऊ नये वाटलं.

असो. तूप पाठवते म्हणालीस, ते पाठवू नकोस. युरोपाबाहेरून टपालाने दुधामांसाचे पदार्थ घरी मागवायला बंदी आहे. आणि बाबा, पार्सलच्या फॉर्मवर किमतीच्या रकान्यात "घरचंच आहे" असं लिहायचं नसतं! 45 युरोंपर्यंतच्या भेटीवर सीमाशुल्क नाही, पण आकडा तर हवा. तुमचा चिवडा इथे कसा पोचला हे त्या चिवड्यालाच ठाऊक.

आता तुमच्या बातम्या. बबनकाकांनी पुन्हा ट्रॅक्टर घेतला? आधीच्याचे हप्ते कोण भरतंय? आणि वहिनी वणीला माहेरी गेली त्यात भांडण कुठून आलं, कापूस वेचणीच्या दिवसांत तिने चार दिवस सुटका करून घेतली, शहाणी आहे. आई, तू मध्ये पडू नकोस. बाबा, लांब धाग्याला सरकारी हमीभाव आहे, दारात आलेल्या व्यापाऱ्याला चहा पाजा, कापूस नका देऊ. वाघ दिसला म्हणून दादाने पाठवलेल्या फोटोत मला फक्त तुरी दिसल्या.

कुकर झाला. चिनू विचारतेय, आजी पुढच्या पार्सलात अंडी पाठवेल का? तूच समजाव तिला.

तुमची,
बेबी