सोऱ्या, स्लाइड आणि अंगठा

केटी, टेक्सस
कोजागरीनंतरचा रविवार

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दादांना एकदम वाचून दाखवू नका, त्यांचं बीपी सांभाळून दाखवा. परवा मी बंदुका बघायला गेले होते.

हात लावला नाही. लावायची सोयच नाही. निघताना चिरंजीवांनी दारात उभं राहून बजावलं, "आई, तू व्हिजिटर व्हिसावर आलीयेस. इथं तू पिस्तूल हातात घेणं म्हणजे गुन्हा. शिकारीचा परवाना असला तर गोष्ट वेगळी." शिकारीचा! झुरळापलीकडे माझी मजल कधी गेली नाही, तीही तुमच्या नणंदोईंनी आधी चप्पल हाणल्यावर.

तर झालं असं. शेजारी एक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या. आम्ही त्यांना घरात मास्तरीणबाई म्हणतो. चार वर्षांपूर्वी यजमान गेले, आणि त्यांचं पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात तसंच राहिलं. आपल्याकडे बागाईतदाराची परवान्याची बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते, तेवढाच आपला तिच्याशी संबंध. इथं 2021 च्या सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. मास्तरीणबाईंची अडचण परवान्याची नव्हतीच. अंगठ्याची होती.

माझा उजवा अंगठा कसा बुडाशी सुजतो आणि कुकरचं झाकण लावताना ठणकतो, तसे त्यांचे दोन्ही हातांचे. मागच्या महिन्यात गप्पांत कळलं, की त्यांना ते पिस्तूल उघडता येत नाही. पिस्तुलावर एक लोखंडी झाकण असतं, त्याला स्लाइड म्हणतात. ती मागं ओढून सोडली की मॅगझिनमधली, म्हणजे गोळ्यांच्या डबीतली, गोळी नळीत सरकते. आत जबरदस्त स्प्रिंग. बाई म्हणाल्या, "चार वर्षांत मला ती अर्धा इंचही हलवता आली नाही." मी म्हटलं, मग बरंच आहे की, भरता येत नाही म्हणजे काही धोका नाही. त्या माझ्याकडे मठ्ठ विद्यार्थिनीकडे बघावं तशा बघत राहिल्या. "भरता येत नाही म्हणजे रिकामीही करता येत नाही. आत गोळी आहे की नाही, हेच मला माहीत नाही."

वहिनी, त्या खणाच्या भिंतीपलीकडेच आमची बेडरूम.

शेवटी सुनेनं गाडी काढली आणि आम्ही तिघी रेंजवर गेलो. रेंज म्हणजे नेमबाजीची शाळा. पिस्तुलाची पेटी सुनेनं आत नेली, मी लांबून चालले. काउंटरवरच्या साठीतल्या शिकवणाऱ्यानं पिस्तुलाचं तोंड सुरक्षित दिशेला धरून आधी मॅगझिन काढलं, मग स्लाइड ओढली, आणि टण्णकन एक पिवळी गोळी उडून टेबलावर पडली. मॅगझिन काढलं तरी नळीतली गोळी नळीतच राहते, हे मला तेव्हा कळलं. चार वर्षं ती चष्म्याच्या घराशेजारी झोपली होती! मास्तरीणबाई काही बोलल्या नाहीत. फक्त पर्समधून रुमाल काढला.

मग शिकवणी सुरू झाली. मी काचेमागे, कानावर ते डबे लावून. आधी रिकाम्या पिस्तुलावर सराव. बाईंना जोर येईना म्हणून त्यांनी पिस्तूलच आडवं केलं, आणि नळी शेजारच्या माणसाकडे वळली. शिकवणाऱ्यानं झटकन त्यांचं मनगट धरलं. दुबळ्या हातांची ही हमखास चूक म्हणे. पिस्तूल वळवायचं नाही, आपण वळायचं. नळी समोरच, बोट ट्रिगरच्या बाहेर, पिस्तूल पोटाजवळ. मग डाव्या हाताचा अख्खा पंजा वरून स्लाइडवर ठेवून ती घट्ट धरायची आणि उजव्या हातानं खालचा भाग पुढं ढकलायचा. ओढायचं नाही, ढकलायचं! चिमटीत जोर नसला तरी खांद्यात असतो. माझी फिजिओथेरपिस्ट बरणीच्या झाकणाबद्दल अगदी हेच सांगते, फक्त ती पैसे जास्त घेते.

तरी यजमानांच्या पिस्तुलाची स्लाइड अर्ध्यावरच अडली. मला वाटलं रिव्हॉल्व्हर सोपं. त्याला स्लाइडच नाही, चक्रात गोळ्या ठेवायच्या आणि चक्र बंद. पण घोडा आधी न चढवता त्याचा ट्रिगर दाबायला साधारण बारा पौंड जोर लागतो. म्हणजे साडेपाच किलो, तेही एका बोटावर! त्यात पर्समध्ये मावणारं हलकं रिव्हॉल्व्हर जास्त झटका देतं. पातळ बुडाच्या पातेल्यात दूध लवकर लागतं, तसंच.

मग त्यानं एक छोटं इटालियन बेरेटा काढलं. त्याची कळ दाबली की नळी मागच्या बाजूनं टपकन वर येते, गोळी सरळ आत ठेवायची, नळी खाली दाबायची. स्लाइड ओढायची भानगडच नाही. मिरजेच्या उरुसात फुगे फोडायची बंदूक मोडून छर्रा घालायचे ना, तिची चुलत बहीण. आणि चौथं स्मिथ अँड वेसनचं, 2018 मध्ये काढलेलं. नावातच 'ईझी'. गोळी थ्री-एटी, नाइन एमएमपेक्षा जरा सौम्य, म्हणून स्प्रिंगही नरम ठेवता येते. बाईंनी पंजा ठेवला, ढकललं, आणि स्लाइड सर्रकन मागं! पहिल्यांदा सायकल आली तेव्हा आपल्या बेबीचा चेहरा झाला होता, तसा त्यांचा झाला.

पण ते काही सुखानं संपलं नाही. त्याच्या मुठीच्या मागं एक पट्टी असते, मूठ घट्ट आवळून ती दबली तरच गोळी सुटते. पाचव्या गोळीला मूठ सैल पडली आणि ट्रिगर दाबूनही काही होईना. एकदा तर मनगट ढिलं पडल्यामुळे रिकामं काडतूस बाहेर पडताना स्लाइडमध्येच अडकलं. शिकवणारा म्हणाला, विकत घ्यायच्या आधी एवढंच बघा, की तुमचा हात सर्वांत दुखत असेल त्या दिवशी, मदतीला कुणी नसताना, ते तुम्हाला रिकामं करता येतं का. बाईंनी चारही पुन्हा हातात घेऊन पाहिली, किमती विचारल्या, आणि म्हणाल्या, विचार करून सांगते. गणपती पेठेत साडी घेताना तुम्ही म्हणता, अगदी त्या सुरात. यजमानांचं पिस्तूल मात्र त्याच संध्याकाळी जावई येऊन घेऊन गेले.

काल मी चकल्या घातल्या. सोऱ्या दाबवेना, म्हणून मास्तरीणबाईंना हाक मारली. त्यांनी सोऱ्या पोटाजवळ घेतला, कोपर आवळले आणि मला म्हणाल्या, "ढकल!" दोघींच्या मिळून चार अंगठ्यांनी चौदा चकल्या पडल्या. दाबायला सोपं जावं म्हणून मी पीठ जरा सैल भिजवलं होतं, त्यामुळे काटे एकीलाही आले नाहीत. बाईंनी तरी सहा खाल्ल्या.

कुणी येणार असेल तर माळ्यावरचा आईचा पितळी सोऱ्या पाठवा, दांडा फिरवायचा तो. विमानात सामानात टाकायला सांगा. हातातल्या बॅगेत नको, एक्स-रेमध्ये तो कसा दिसेल याचा भरवसा नाही.

दादांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
शकू